परवाना मंजूर झाल्यानंतर : पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, आणि कोणत्या बोअरचे?

वाराणसी : शस्त्रपरवान्याचा अर्ज मंजूर झाल्याचे कळले की अर्जदाराच्या घरी चर्चा सुरू होते ती घ्यायचे काय याची. पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, बत्तीस की बावीस, कानपूरचे नवे की कोणाकडचे जुने विलायती? वाराणसी आणि एकूणच पूर्वांचलात परवान्याचे शस्त्र हे संरक्षणाच्या साधनाइतकेच प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते. त्यामुळे या प्रश्नावर सल्ला देणाऱ्यांची तेथे वाण नसते. मात्र त्या सल्ल्यातील बराचसा भाग चित्रपट आणि परदेशी चित्रफिती पाहून आलेला असतो. अमेरिकेतील ग्राहक दुकानात जाऊन डझनभर कॅलिबरमधून निवड करू शकतो. वाराणसीतील परवानाधारकापुढे कायदेशीर पर्याय प्रत्यक्षात दोन-तीनच असतात. निवड चुकली तर लाखभर रुपये अडकतात. ती कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेली तर तुरुंगवासाची वेळ येते.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात ३३ लाख ६९ हजारांहून अधिक शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्राची संख्या ८४ हजारांच्या आसपास होती. या आकड्यांत एकनळी-दुनळी बंदुकाही येतात, तरीही दोन राज्यांमधील अंतर बोलके आहे. उत्तर प्रदेशात नव्या परवान्यांवर काही वर्षे असलेली बंदी २०१८ मध्ये उठली आणि अर्जांचा ओघ पुन्हा सुरू झाला.

कायदा आधी, पसंती नंतर

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. उत्तर प्रदेशातीलच एका प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी असलेला हा फरक स्पष्टपणे नोंदवला. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीतच परवाना मिळतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. जीविताला वा मालमत्तेला असलेल्या धोक्यामुळे, व्यवसायाच्या स्वरूपामुळे किंवा नेमबाजीच्या खेळासाठी शस्त्राची खरी गरज आहे, हे त्याला दाखवावे लागते. शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे लेखी हमीपत्रही लागते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, ही अधिनियमाच्या कलम १४ मधील तरतूद अनेकांना माहीत नसते.

अर्ज साधारणपणे जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जातो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी परवाना देतात. वाराणसीत मार्च २०२१ मध्ये पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले. म्हणून आपली फाईल कोणत्या कार्यालयात जाते, याची चौकशी अर्जदाराने आधीच केलेली बरी.

बोअरच्या निवडीवर खरा परिणाम करते ती शस्त्रांची वर्गवारी. बोलीभाषेत ज्यांना ‘प्रोहिबिटेड बोअर’ म्हटले जाते, ती शस्त्रे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्यांचे परवाने केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात आणि गंभीर धोका असलेल्या मोजक्या व्यक्तींनाच दिले जातात. या विभागणीचे कारण शस्त्राच्या दिसण्यात वा किमतीत नाही, काडतुसात आहे. लष्कर आणि पोलीस जी काडतुसे वापरतात, ती ज्या हातशस्त्रात बसतात आणि उडतात, ते शस्त्र नागरिकासाठी निषिद्ध ठरते. सेवेतील ९ मिलिमीटरचे पिस्तूल, तसेच .३८० आणि .४५५ ची जुनी सैनिकी काडतुसे घेणारी रिव्हॉल्व्हरे याच कारणाने यादीबाहेर गेली. सरकारी साठ्यातील दारूगोळा चोरून खासगी शस्त्रात वापरला जाऊ नये, हा त्यामागील उघड हेतू आहे.

परदेशातून आलेल्या माहितीत ९ मिलिमीटरची जी शिफारस सर्रास आढळते, ती भारतीय वाचकाने म्हणूनच बाजूला ठेवावी. परवानगी नसताना निषिद्ध शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षे कारावासाची शिक्षा आहे. साध्या वर्गातील शस्त्र विनापरवाना बाळगल्यासही २ ते ५ वर्षांची शिक्षा होऊ शकते. पूर्वांचलात मिळणारा ‘कट्टा’, बिहारमधील मुंगेरची नक्कल केलेली पिस्तुले किंवा जळगाव जिल्ह्याच्या सीमेवरील उमर्टी भागातून महाराष्ट्रात येणारी गावठी शस्त्रे हा ‘स्वस्त पर्याय’ नसून थेट गुन्हा आहे. शिवाय अशा शस्त्राची नळी आणि काडतुसाची जागा दाबाला टिकेल याची कसलीही हमी नसते, आणि ती फुटते तेव्हा ती धरणाऱ्याच्याच हातात फुटते.

बत्तीस म्हणजे नेमके काय?

कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या हातशस्त्रांत सर्वाधिक चालते ते .३२. त्याखालोखाल .२२ येते. ‘बोअर’ आणि ‘कॅलिबर’ हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात, पण १२ बोअर बंदुकीतील १२ हा आकडा आणि बत्तीस बोअरमधील ३२ हा आकडा यांचा परस्परांशी संबंध नाही. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती १२ बोअरची बंदूक. हातशस्त्रातील .३२ मात्र इंचाचा भाग दाखवते. गोळीचा प्रत्यक्ष व्यास सुमारे ७.९ मिलिमीटर असतो. युरोपात याच पिस्तुली काडतुसाला ७.६५ मिलिमीटर म्हणतात.

यात एक मेख आहे. .३२ या एकाच नावाखाली भारतात दोन वेगळी काडतुसे विकली जातात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब असते आणि त्याच्या बुडाला ठळक कडा असते. ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ या नावाने ते १८९६ पासून प्रचारात आहे. पिस्तुलाचे काडतूस आखूड असते. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आपल्या स्वयंभरण पिस्तुलासाठी तयार केले. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरायचे नसते. परवान्यावर अनेकदा केवळ ‘.३२’ एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे काडतुसे घेताना ‘रिव्हॉल्व्हरची’ की ‘पिस्तुलाची’ हे स्पष्ट सांगावे आणि खोक्यावरील नाव स्वतः वाचावे.

ताकदीचा विचार केला तर ही दोन्ही काडतुसे मध्यम स्वरूपाची आहेत. पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची असते आणि सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. रिव्हॉल्व्हरची गोळी सव्वासहा ग्रॅमच्या पुढची, पण वेगाने कमी असते. दोहोंची ऊर्जा दीडशे ते पावणेदोनशे ज्यूलच्या घरात जाते. सेवेतील ९ मिलिमीटरची ऊर्जा याच्या अडीच ते तीन पट असते. पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी १९७० च्या दशकात ७.६५ सोडून ९ मिलिमीटर स्वीकारले, त्यामागे हेच कारण होते.

मात्र म्हणून .३२ ला खेळणे समजणे धोक्याचे आहे. त्याचा इतिहास वाराणसीशी आणि महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. संस्कृत शिकण्यासाठी वाराणसीत आलेले चंद्रशेखर आझाद १९३१ मध्ये अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये जे पिस्तूल घेऊन अखेरपर्यंत लढले, ते .३२ बोअरचे कोल्ट होते आणि आज ते प्रयागराजच्या अलाहाबाद संग्रहालयात आहे. पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम राजगुरू हेही वाराणसीत संस्कृतच्या अध्ययनासाठी राहिले आणि तेथेच क्रांतिकारकांच्या संपर्कात आले. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये साँडर्सवर राजगुरू यांच्यासोबत गोळ्या झाडणाऱ्या भगतसिंग यांचे पिस्तूलही .३२ बोअरचेच कोल्ट होते.

.२२ ची गोष्ट निराळी आहे. धक्का जवळजवळ नसतो, आवाज कमी असतो, काडतूस स्वस्त पडते, त्यामुळे हात बसवण्यासाठी त्यासारखे दुसरे साधन नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तो प्रकार .२२ चाच. (२५ मीटरच्या ‘सेंटर फायर’ प्रकारात मात्र .३२ ची लांब काडतुसे जगभर वापरली जातात. जसपाल राणा यांच्या आशियाई सुवर्णपदकांपैकी काही त्या प्रकारातील आहेत.) संरक्षणासाठी .२२ घेण्यास जाणकार कचरतात ते केवळ कमी ताकदीमुळे नव्हे. या काडतुसाचे ज्वालक द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते आणि ते न पेटण्याचे प्रमाण मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त असते. ऐनवेळी नुसता ‘टक्’ असा आवाज येणे, ही त्याची खरी उणीव.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

पहिलेच शस्त्र घेणाऱ्या, नियमित सराव न करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यासाठी रिव्हॉल्व्हर अधिक योग्य ठरते. त्याची यंत्रणा डोळ्यांना दिसते. चक्र उघडले की सहा घरे रिकामी आहेत की भरलेली, हे अंधुक प्रकाशातही कळते. एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. पिस्तूल सपाट असते, कमरेला कमी फुगते, मॅगझिनमध्ये सात-आठ काडतुसे मावतात आणि पुन्हा भरणे झटपट होते. पण त्याला नियमित सफाई, चांगली मॅगझिन आणि सवयीचा हात लागतो. सर्वांत मोठी गफलत अशी की मॅगझिन काढून घेतल्यावर पिस्तूल रिकामे झाले असे नवख्याला वाटते, तर एक काडतूस नळीच्या मागे बसलेलेच असते. घरात, सफाई करताना होणाऱ्या अपघातांमागे ही समजूत वारंवार असते.

बाजारात काय आहे, हेही पाहावे लागते. व्यक्तिगत शस्त्रांची सर्वसाधारण आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे नवे शस्त्र म्हणजे मुख्यतः सरकारी कारखान्यांचे. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित झाले आणि त्याच्या कारखान्यांतून सात सरकारी कंपन्या निर्माण झाल्या. त्यांपैकी छोटी शस्त्रे बनवणारी ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’ कानपूरची. कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर हे ब्रिटिश वेब्लीच्या आराखड्यावर बेतलेले, मधून मोडून उघडणारे, सहा गोळ्यांचे, दणकट पण ओबडधोबड शस्त्र म्हणून ओळखले जाते. २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून आलेल्या ‘निर्भीक’चे वजन टायटॅनियम मिश्रधातूमुळे सुमारे ५०० ग्रॅमवर आले, पण किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. ज्या महिलांच्या असुरक्षिततेचा दाखला देऊन ते आणले गेले, त्यांतील बहुसंख्यांच्या ती आवाक्याबाहेर होती. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने .२२ चे ‘निडर’ हे अवघ्या २५० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर, तसेच .३२ चे ‘अशनी’ पिस्तूल दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या कानपूरच्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटरची आहे आणि ५० मीटर पल्ल्याचा गाजावाजा झाला. स्वसंरक्षणाचा प्रसंग प्रत्यक्षात चार-सहा पावलांवर, बहुधा खोलीच्या आत घडतो. पन्नास मीटरवरून गोळी झाडणाऱ्याला ती बचावासाठी होती हे न्यायालयात पटवून देणे कठीण जाईल. खरेदीदाराच्या दृष्टीने बाजूला उघडणारे चक्र हाच त्यातील उपयुक्त बदल.

खासगी क्षेत्रात ब्रिटनच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने भारतीय भागीदारासह हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे .३२ रिव्हॉल्व्हरच्या उत्पादनाची घोषणा २०२० मध्ये केली. या सर्व शस्त्रांवरील कराचा बोजा मात्र वाढला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर व पिस्तुलावरील वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्के झाला.

हातात घेऊन पाहावे

किंमत आणि नाव यांच्या आधी हाताचे माप येते. मूठ धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचले पाहिजे. त्यासाठी मनगट वळवावे लागत असेल, तर ते शस्त्र त्या हाताचे नाही. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे न ओढता थेट चाप ओढायला बरीच ताकद लागते. वृद्ध व्यक्ती किंवा बारीक हाताच्या महिला ज्या कारणाने अडखळतात ते हेच, आणि दुकानात रिकामे शस्त्र उचलून पाहिल्यावर ते लक्षातही येत नाही. विक्रेत्याच्या परवानगीने, शस्त्र रिकामे असल्याची दोघांनी खात्री करून, चाप सलग दहा वेळा ओढून पाहावा. सातव्या-आठव्या वेळी नळीचे टोक डगमगू लागले तर नेमही डगमगणार. वजनाच्या बाबतीत जाहिरातींनी उलटा समज पसरवला आहे. हलके शस्त्र पिशवीत बरे वाटते, पण गोळी सुटताना धक्का जास्त देते. पाऊणएक किलोचे शस्त्र नवख्याच्या हातात अधिक स्थिर राहते.

जे कधीच नेमबाजी केलेले नाहीत त्यांनी आधी एखाद्या रायफल क्लबमध्ये एअर पिस्तूल चालवून पाहणे हिताचे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. काही आठवड्यांच्या सरावानंतर कित्येकांचा शस्त्र घेण्याचा विचारच बदलतो, आणि तेही एक प्रकारे निवड करणेच आहे.

काडतुसांचा प्रश्न खरेदीनंतर सुरू होतो. वाराणसीत विकल्या जाणाऱ्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे दिसली, तर ते पुण्याजवळच्या खडकीचे असते. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या या दारूगोळा कारखान्याचे इंग्रजी नाव तेव्हा ‘किरकी’ असे लिहिले जाई, त्याची ती आद्याक्षरे. एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा परवान्यावर नोंदलेली असते, आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. त्यामुळे स्थानिक विक्रेत्याकडे ज्याची काडतुसे सातत्याने येतात तेच बोअर घ्यावे. दुर्मीळ बोअरचे देखणे विलायती पिस्तूल काडतुसांअभावी कपाटात पडून राहिल्याची उदाहरणे जुन्या घराण्यांत कमी नाहीत.

जुने शस्त्र घेताना अधिक सावधगिरी हवी. आयातबंदीमुळे जुन्या वेब्ली, कोल्ट, वॉल्थरच्या किमती नव्या देशी शस्त्रांच्या कितीतरी पट झाल्या आहेत. शस्त्रावरील क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. खाडाखोड दिसली तर व्यवहार तेथेच थांबवावा. चक्राचे प्रत्येक घर नळीच्या रेषेत घट्ट थांबते का, नळीच्या आत गंज वा फुगवटा आहे का, हे कारागिराकडून तपासून घ्यावे. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘आधी शस्त्र घ्या, कागद नंतर करू’ असे सांगणारा विक्रेता दोघांनाही अडचणीत आणतो.

घर, रस्ता आणि लग्नमंडप

शस्त्राचा सर्वाधिक काळ घरातच जातो, म्हणून ते ठेवायचे कोठे हे खरेदीपूर्वीच ठरले पाहिजे. उशीखाली किंवा गादीखाली भरलेले शस्त्र ठेवणे हा पूर्वांचलातील जुना प्रघात आहे, आणि मुलांच्या हाती शस्त्र लागण्याचा सर्वांत सोपा मार्गही. भिंतीला पक्के केलेले पोलादी कपाट, शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात, किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे, ही किमान व्यवस्था होय. घरात कोणी तीव्र नैराश्यात असेल, व्यसनाधीन असेल किंवा घरात सतत हिंसक भांडणे होत असतील, तर कोणतेही बोअर योग्य नाही. शस्त्र आधीच असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते जमा करण्याची सोय कायद्यात आहे.

बाहेर नेताना हातशस्त्र होल्स्टरमध्येच असावे लागते आणि सार्वजनिक ठिकाणी ते उघडे करून मिरवणे नियमबाह्य आहे. लग्नातील ‘हर्ष फायरिंग’ला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. परवान्यावर त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. वाराणसीचा परवाना उत्तर प्रदेशापुरता असेल, तर ते रिव्हॉल्व्हर घेऊन मुंबईची गाडी पकडता येत नाही. स्वसंरक्षणात ते वापरलेच, तर भारतीय न्याय संहितेनुसार बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ समर्थनीय ठरते. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत झाडलेली गोळी त्यात बसवणे अवघड.

निवडणूक काळात शस्त्र जमा करण्याच्या आदेशांवरूनही उत्तर प्रदेशात वाद होत आले आहेत. सर्व परवानाधारकांना सरसकट असा आदेश देता येणार नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले. व्यक्तिगत छाननीनंतर दिलेला आदेश मात्र पाळावाच लागतो.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. पूर्वांचलातील अनेक कुटुंबांत आजोबांची दुनळी आधीपासूनच एक जागा व्यापून असते. अशा घरात नवे हातशस्त्र घेणे म्हणजे दुसरी आणि शेवटची जागा भरणे. परवानाधारकाला वयाच्या सत्तरीनंतर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यानंतर ते वारसाकडे सोपवण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाला त्यासाठी स्वतःचा परवाना, पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांची संपूर्ण प्रक्रिया नव्याने पार पाडावी लागते. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास शस्त्र पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते.